सांबारवडी, भेंडी, कारली, आलू चिप्स : कढईतून काढलेलं कुरकुरीत राहावं यासाठी

झारा

थंडीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) स्वस्त झाला की नागपुरात घरोघरी सांबारवड्या सुरू होतात, आणि इथे दरवर्षी तोच प्रश्न येतो : कढईतून काढली तेव्हा खुसखुशीत होती, पानात येईपर्यंत मऊ कशी पडली? मग लोक मोहन वाढवतात, मैदा वाढवतात, सोडा घालतात. बहुतेक वेळा पिठाचा दोष नसतोच. सारणात राहिलेलं पाणी वाफ होऊन पारीत शिरतं आणि पारी आतून भिजते. म्हणून कृती सारणापासून सुरू करतो.

निवडलेला सांबार २५० ग्रॅम. कोवळ्या काड्या घ्या, जाड देठ टाका, कारण त्यांतच पाणी जास्त. चिरायच्या आधी धुवा, नंतर नाही. झटकून सुती कापडावर पसरा आणि पंख्याखाली ३-४ तास ठेवा. मुठीत घेतल्यावर तळहात कोरडा राहिला पाहिजे. धारदार सुरीने किंवा विळीवर चिरा. चॉपरमध्ये पानं ठेचली जातात, रस सुटतो आणि सगळी वाळवणूक वाया जाते.

सुक्या खोबऱ्याचा कीस ६० ग्रॅम, तीळ २५, चारोळी २०, खसखस १५ ग्रॅम. हे सगळं वेगवेगळं कोरडं भाजा, खसखस शेवटी. २ मोठे चमचे तेलात हिंग, हळद, ६-७ हिरव्या मिरच्या आणि १० लसूण पाकळ्यांचा ठेचा परता. ठेच्यातलं पाणी पूर्ण आटून तेल बाजूला दिसू लागलं की गॅस बंद. त्यात भाजलेलं सगळं मिसळा.

पारीसाठी बेसन १५० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, ओवा अर्धा चमचा, हळद, तिखट, मीठ. कडकडीत तेलाचं मोहन २ मोठे चमचे. ते पिठाला नीट चोळून घेतल्यावर पाणी ८० मिलिलिटरच्या आसपास लागतं. पुरीच्या पिठाइतकं घट्ट भिजवा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. एवढ्यात १२ वड्या होतात.

आतून लावायला दाट चिंचेचा कोळ ३ चमचे, गूळ २ चमचे, काळा मसाला १ चमचा आणि तेल १ चमचा. कोळ पातळ असेल तर गुळासोबत शिजवून आटवा. हा लेप ओला राहिला तर वर केलेली मेहनत फुकट जाते.

महालवाली काकू

बरोबर सांगून राहिले झारा. एक मात्र ठासून सांगते, सांबार कढईत टाकू नका. तो परतला की आधी पाणी सोडतो, मग काळपट होतो आणि वास उडतो. मसाला कोमट झाला की कच्चाच सांबार त्यात हलक्या हाताने मिसळायचा. भाजलेलं खोबरं आणि खसखस उरलासुरला ओलावा धरून घेतात, त्यांचं काम तेच आहे. खोबरं कमी केलं की सारण ओलं लागतं, म्हणून परवडत नाही म्हणून खोबऱ्यात काटछाट करू नये.

आणि मीठ अगदी शेवटी. पारी लाटून तयार झाली की मग सारणात मीठ घालायचं, तेही एका वेळी ४ वड्यांपुरत्या सारणातच. मीठ लागल्यावर दहा मिनिटांत सांबार ओला पडू लागतो. सगळ्या सारणात एकदम मीठ घातलं तर पहिल्या चार वड्या छान होतात आणि शेवटच्या चार फुटतात.

धंतोली_किचन

तेलात वडीचं तोंड उघडतं, सारण बाहेर येऊन काळं होतं आणि पुढच्या वड्यांना ते कण चिकटतात. याला उपाय? पाण्याचं बोट लावून चिकटवतो, तरी उघडतंच.

महालवाली काकू

याला तीन कारणं असतात. पहिलं म्हणजे चिंचेचा लेप कडेपर्यंत लावणं. लेपात तेल असतं, तेलकट कड पाण्याने चिकटत नाही. कडेची एक सेंटीमीटर जागा कोरी सोडा. दुसरं, आत राहिलेली हवा. सारण मधोमध उभट ठेवून आधी एक बाजू त्यावर घ्या, बोटांनी दाबून हवा काढा, मग दुसरी बाजू, आणि शेवटी दोन्ही टोकं पाकिटासारखी दुमडा. तिसरं, पारी सगळीकडे सारख्या जाडीची लाटणं. टोकाशी तीन पदर एकावर एक येतात. मध्ये २ मिलिमीटर असली तरी कडेला १ मिलिमीटरच हवी, नाहीतर टोकं आतून कच्ची राहतात. सगळ्यात आधी मऊ पडतात ती टोकंच.

घडी खालच्या बाजूला ठेवून वडी तेलात सोडा. घडी आधी शिजते आणि तिथेच बंद होते.

झारा

तळणीचं राहिलं होतं. सांबारवडीला तेल १५५ ते १६० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाका. ती तळाशी जाऊन ३-४ सेकंदांनी वर आली पाहिजे. टाकताक्षणी वर आली तर तेल फार तापलंय. मग पारी तीन मिनिटांत लाल होते, आतला ओलावा मात्र तसाच राहतो. मध्यम-मंद आचेवर ७-८ मिनिटं लागतात. बुडबुड्यांकडे लक्ष द्या. पहिल्या दोन मिनिटांत ते मोठे आणि आवाज करणारे असतात, ते पाण्याच्या वाफेचे. हळूहळू बारीक होतात, आवाज मंदावतो. रंगापेक्षा ही खूण जास्त भरवशाची. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला आच वाढवा आणि गरम तेलातूनच वड्या बाहेर काढा.

तेल सगळ्यात जास्त आत शिरतं ते तळताना नाही, काढल्यावर. तळणं चालू असताना वाफ बाहेर येत असते, तिच्यापुढे तेलाला वाट नसते. वडी थंड होऊ लागली की आतली वाफ आकसते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात धरून कढईवरच दहा-पंधरा सेकंद निथळवा, मग जाळीवर उभी ठेवा. कागदावर आडवी ठेवली तर खालच्या बाजूची वाफ कागदाशी अडकून तिथेच पाणी होते.

लक्ष्मीनगर_७७

मैदा अजिबात नको असेल तर?

झारा

कणीक चालते, मात्र पारी जरा चिवट होते. बेसन १५०, कणीक ५०, तांदळाची पिठी २५ ग्रॅम असं घ्या. नुसत्या बेसनाची पारी दुमडताना चिरते, कारण बेसनात गहू-मैद्यासारखा ताण धरणारा चिकटपणा नसतो. सोडा घालू नका. त्याने पारीत पोकळ्या होतात आणि त्यांत तेल बसतं. मोहन ३ चमच्यांच्या वर गेलं तर वडी तेलात विरघळल्यासारखी सुटते.

भेंडीप्रेमी

मिठाची वेळ हा या धाग्याचा खरा विषय आहे. प्रत्येक भाजीला नियम वेगळा, आणि तो न कळल्यामुळेच बहुतेक पदार्थ बिघडतात.

भेंडीला मीठ आधी लावायचं नाही. मिठाने पाणी सुटतं, त्या पाण्यात भेंडीचा चिकट रस मोकळा होतो आणि पिठाचे गोळे बनतात. २५० ग्रॅम भेंडी अख्खी धुवून एकेक पुसायची, तासभर हवेशीर ठेवायची. उभे चार काप करून बिया आणि आतला मऊ भाग काढायचा. तो काढला नाही तर काप मधून मऊच राहतो. त्यावर १ चमचा तेल चोळा, मग बेसन २ मोठे चमचे, तांदळाची पिठी दीड, तिखट १ लहान चमचा, आमचूर अर्धा, धणे-जिरे पूड. पाणी शिंपडायचं नाही. कढईत अर्धा लिटर तेल असेल तर एका वेळी ८०-१०० ग्रॅमच टाका, १७५ अंशावर ३-४ मिनिटं. जास्त टाकलं की तेलाचं तापमान एकदम पडतं आणि भेंडी तळायच्या ऐवजी तेलात शिजते. प्रत्येक घाण्याच्या भेंडीला मीठ लावायचं ते ती तेलात सोडायच्या क्षणी. किंवा काढल्यावर बारीक मीठ भुरभुरवा, तेही चालतं.

कारल्याचं उलट. तिथे पाणी आणि कडवटपणा दोन्ही काढायचे असतात. २ मिलिमीटरच्या चकत्या, पाव किलोला १ लहान चमचा मीठ, अर्धा तास, मग घट्ट पिळून एकदा झटपट धुवा, पुन्हा पिळा आणि कापडावर कोरड्या करा. १ मोठा चमचा बेसन, १ तांदळाची पिठी. १६० अंशावर ५-६ मिनिटं, थोडा धीर धरून. कारलं लवकर काळं पडतं म्हणून आच वाढवायची नाही.

कांदाभज्यांत तर तेच पाणी आपल्या कामी येतं. २५० ग्रॅम कांदा उभा पातळ चिरून पाऊण लहान चमचा मीठ लावा, १५ मिनिटं ठेवा. जेवढं पाणी सुटेल तेवढ्यातच ८० ते १०० ग्रॅम बेसन आणि १ मोठा चमचा तांदळाची पिठी बसवायची. वरून पाण्याचा थेंब नाही. वरून पाणी घालून सैल केलेल्या पिठाचे भजे फुगतात आणि पाच मिनिटांत बसतात. कांदा हाताने सुटा करून लांबट विस्कटलेला सोडा, घट्ट गोळा करू नका.

पालकवाला

पालकाच्या पानाचे भजे करताना पीठ पानावरून घसरतं. त्यावर एक ओळ : पान पुसून आधी कोरड्या तांदळाच्या पिठीत घोळवा, मग पिठात बुडवा.

धंतोली_किचन

सगळीकडे तांदळाची पिठी का सांगून राहिले? कॉर्नफ्लोअर चालणार नाही का?

भेंडीप्रेमी

चालतं जी. दोघांचं काम सारखंच. बेसनात प्रथिनं जास्त असल्याने रंग लवकर येतो, चव येते, मात्र ते ओलावाही लवकर धरतं. स्टार्चचा थर तापून कोरडा झाला की काचेसारखा कडक होतो. कॉर्नफ्लोअरचा थर जास्त पातळ आणि ठिसूळ, पिठीचा थोडा जाडसर आणि करकरीत. बेसन चार भाग, पिठी एक भाग इथून सुरुवात करा. अर्ध्याच्या वर गेलात तर भजे दाताला टणक लागतात.

कळमना_मार्केट

आलू चिप्सवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. यात अर्धं यश आलू निवडण्यात आहे, कृती त्यानंतर.

चिप्स लाल-काळे पडतात आणि कडवट लागतात याचं कारण साखर. नेहमीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या आलूत स्टार्चची साखर होते. तळताना ती साखर आणि आलूतली अमिनो आम्लं मिळून गडद रंग येतो. आच कमी करून रंग वाचवायला गेलात तर चिप्स तेल पितात, म्हणजे दोन्हीकडून तोटा. चिप्ससाठीचा आलू म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात. सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने यासाठीच कुफरी चिप्सोना जातीची मालिका काढली. चिप्सोना १ आणि २ या जाती १९९८ मध्ये प्रसारित झाल्या. बाजारात दुकानदाराला 'चिप्सचा आलू' म्हटलं की कळतं. चवीला गोडसर लागणारा आलू घेऊ नका. गोडसर निघालाच तर आठ-पंधरा दिवस घरात, फ्रिजबाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी पसरून ठेवा, साखर बऱ्यापैकी कमी होते.

दुसरी पारख घट्टपणाची. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात अख्खा आलू सोडा. बुडला तर त्यात कोरडा भाग साधारण २० टक्के किंवा जास्त, तो चिप्सला उत्तम. तरंगला तर त्यात पाणी जास्त, त्याची भाजी करा. पाचेक आलू तपासले की सगळ्या पोत्याचा अंदाज येतो.

चकत्या दीड मिलिमीटर. जाडी एकसारखी नसेल तर एकाच घाण्यात काही जळतात, काही मऊ राहतात, म्हणून किसणीच वापरा. पाणी निवळ येईपर्यंत ३-४ वेळा धुवा, नाहीतर वरचा स्टार्च चकत्या एकमेकींना चिकटवतो. मग ८०-८५ अंशांच्या पाण्यात, म्हणजे तळाशी बुडबुडे धरू लागलेल्या पण न उकळलेल्या पाण्यात, २ ते ३ मिनिटं. वरवरची साखर धुऊन जाते आणि रंग एकसारखा येतो. कापडावर पूर्ण कोरड्या करा. तेल १७५ अंश, लिटरभर तेलाला मूठभर चकत्या. सोडताच हलवा. बुडबुडे जवळपास थांबले की काढा, त्याआधी रंगाला भुलून काढू नका. मीठ गरम असतानाच, बारीक दळलेलं. थंड चिप्सवर मीठ चिकटत नाही.

महालवाली काकू

आणि उन्हाळ्यातले वाळवणाचे? नागपूरचा मे महिना त्यासाठीच आहे. ४५ अंशांचं कोरडं ऊन दुसरीकडे कुठे मिळणार!

कळमना_मार्केट

हो काकू, वाळवणाला ती कोरडी हवाच हवी, नुसतं ऊन पुरत नाही. वाळवणाच्या चकत्या २ मिलिमीटरच्या ठेवा, दीडच्या वाळून तुटतात. उकळत्या पाण्यात लिटरमागे १ चमचा मीठ आणि हरभऱ्याएवढा तुरटीचा खडा. तुरटीने चकती शिजतानाही घट्ट राहते, जास्त झाली तर तुरट लागते. चकती वाकते पण मोडत नाही, इतपतच शिजवा, साधारण ३ मिनिटं. कापडावर एकेक सुटी पसरा, संध्याकाळी आत घ्या. दोन दिवसांत कडकन मोडली की झालं. १ किलो आलूचे २०० ग्रॅमच्या आत-बाहेर वाळलेले मिळतात. त्याहून बरेच जास्त भरले तर आत ओलावा आहे, पावसाळ्यात बुरशी धरेल. मृगाच्या आधी डबे बंद झालेले बरे.

हे तळायला तेल जास्त गरम लागतं, १९० अंशांच्या जवळ, आणि वेळ जेमतेम १० सेकंद. कमी तापलेल्या तेलात फुलत नाहीत, दाताला दगड लागतात.

लक्ष्मीनगर_७७

एअर फ्रायरमध्ये यातलं काय जमतं?

झारा

कारलं आणि भेंडी छान जमतात. पाव किलोला दीड मोठा चमचा तेल चोळून एका थरात, १६० ते १७० अंश, १२-१५ मिनिटं, दर ४ मिनिटांनी हलवून. चिप्स जमतात, पण एका वेळी फार थोडे, एकावर एक आले की तिथे मऊ. सांबारवडीला मी सुचवणार नाही. पारी वाळून बिस्किटासारखी होते, तेलात येणारा पापुद्रा येत नाही. करायचीच असेल तर आकार निम्मा ठेवा, ब्रशने दोन्ही बाजूंनी भरपूर तेल लावा, १७० अंशांवर १६-१८ मिनिटं. पिठाच्या घोलातले भजे मात्र त्यात टाकूच नका, घोल जाळीतून गळतो.

भेंडीप्रेमी

तेलाबद्दलही लिहा कोणीतरी. विदर्भात जवसाचं तेल घरात असतं, काही जण त्यातही तळतात.

कळमना_मार्केट

जवसाचं तेल चटणीवर कच्चं घ्यावं, तळणीला नाही. ते फार लवकर धूर धरतं आणि बिघडतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांचं रिफाइंड तेल ठीक. तळून झाल्यावर तेल थंड होऊ द्या आणि दुहेरी कापडातून गाळा. पिठाचे जळके कण राहिले तर तेच तेल पुढच्या वेळी लवकर काळवंडतं. घट्ट झालेलं, फेस न मोडणारं, गरम होताच धुरावणारं तेल पुन्हा तळणीला घेऊ नका. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ध्रुवीय संयुगांची (तेल वारंवार तापून बिघडलं की त्यात वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून फेस, वास आणि धूर यांवरच जायचं. एकदा तळलेलं तेल फोडणीत लवकर संपवणं सगळ्यात सोपं.

धंतोली_किचन

पाहुणे आठला येणार असतील तर सांबारवड्या किती आधी तळून ठेवता येतात? आणि कढी वरून वाढायची की बाजूला?

महालवाली काकू

सकाळी सारण कोरडं, बिनमिठाचं तयार ठेवा, पीठ फ्रिजमध्ये. सहाला वड्या भरून १५० अंशांवर ५-६ मिनिटं, फिकट रंगावर तळून जाळीवर ठेवा. झाकण नको, डबा नको, कापडसुद्धा नको. पाहुणे बसले की १८० अंशांवर दीड मिनिट. पहिल्या तळणीत आतलं पाणी गेलेलं असतं, दुसरीत वरचा थर कडक होतो. उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १५० अंशांवर ६-७ मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे पारी चामट होते.

कढी वाटीत, बाजूला. पातळ आणि गरम असावी, आलं-लसूण-जिऱ्याची फोडणी, बेसन लिटरभर ताकाला २ मोठे चमचेच. ज्याला हवं तो तुकडा मोडून बुडवेल. खाणाऱ्याने स्वतः बुडवली तर वरचा पापुद्रा दातांखाली येतो, वाढणाऱ्याने ओतली तर येत नाही.

पालकवाला

पावसाळ्यात हेच दुहेरी तळणं भज्यांनाही करा. हवा दमट असली की एकदाच तळलेले भजे पंधरा मिनिटं टिकत नाहीत. आणि त्या दिवसांत मिळणारा सांबार इतका ओला असतो की ३-४ तास पुरत नाहीत, रात्रभर पंख्याखाली ठेवावा लागतो.